वेष्टन आणि वस्तू : डिझायनरांच्या पोर्टफोलिओ-स्थळांतील इंटरफेसच्या बारकाव्यांचा इतिहास (१९९६–२०२०)

१

‘पोर्टफोलिओ’ हा शब्द इंग्रजीने इटालियन भाषेतून घेतला. ‘वाहून नेणे’ आणि ‘पान’ असे त्याचे दोन मूळ घटक आहेत. सुटी पाने वाहून नेण्याचे साधन हा त्याचा पहिला अर्थ होय. मराठी दप्तरांच्या अभ्यासकाला ह्या अर्थाची ओळख वेगळी करून देण्याचे कारण नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद ज्या कापडात बांधलेले असतात त्याला ‘रुमाल’ म्हणतात, आणि त्या कापडावरून आतील कागदांच्या गठ्ठ्यालाही रुमाल हेच नाव मिळाले आहे. वेष्टनाचे नाव वस्तूला लागण्याची ही क्रिया दोन्ही शब्दांत सारखीच घडली. पोर्टफोलिओ म्हणजे आरंभी चामड्याची वा पुठ्ठ्याची चपटी पेटी, पुढे त्या पेटीतील चित्रे, आणि अखेरीस एखाद्या कारागिराने आपल्या कसबाच्या पुराव्यादाखल निवडून मांडलेल्या कृतींचा संच. शब्दाचा अर्थ असा सरकला, तरी वेष्टन आणि वस्तू ह्यांतील भेद व्यवहारात कायम राहिला. रुमालाच्या गाठीवरून आतल्या पत्राचे मोल कोणी ठरवीत नाही. चामड्याची पेटी किती सफाईने उघडते ह्यावरून चित्रकाराची पारख कोणी करीत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या चार-पाच वर्षांत मात्र एका क्षेत्रापुरता हा भेद पुसला गेला. संगणकाच्या पडद्यासाठी रचना करणाऱ्या डिझायनरांनी आपले पोर्टफोलिओ संकेतस्थळांच्या रूपाने मांडण्यास आरंभ केला, तेव्हा पेटी कशी उघडते हाच कसबाचा पुरावा ठरला. कर्सर जवळ जाताच मेन्यूचे शब्द किती सरकतात, चित्र येईपर्यंतची प्रतीक्षा कशी भरून काढली आहे, एखादे बटन दाबल्यावर ते किती वेळात पूर्ववत होते, असे बारकावे आतील कृतींची केवळ वाट दाखवीत नव्हते. ते स्वतःच कृती होते. वेष्टन असे वस्तूच्या पदवीस चढण्याचा आणि त्या पदवीवरून पुन्हा उतरण्याचा हा इतिहास सुमारे पंचवीस वर्षांचा आहे. तो आताच लिहिला जाणे अगत्याचे का आहे, हे लेखाच्या अखेरीस स्पष्ट होईल.

२

इंटरफेसमधील बारकावा म्हणजे काय, ह्याची कल्पना भाषाशास्त्राच्या आधारे नीट करता येते. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याचा हुंकार लागतो. ‘हं’ ह्या उच्चाराने गोष्टीत कोणतीही माहिती भरत नाही. पण तो थांबला की सांगणारा अडखळतो, कारण समोरचा जागा आहे की नाही हे त्याला कळेनासे होते. भाषेच्या ह्या व्यापाराकडे मॅलिनोव्हस्की ह्यांनी १९२३ साली लक्ष वेधले. आणि १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात रोमान याकबसन ह्यांनी भाषेची सहा कार्ये मांडताना त्याला स्वतंत्र स्थान दिले. त्यास संपर्ककार्य म्हणता येईल: दोघांमधील वाट मोकळी आहे एवढेच ते सांगते. त्याच निबंधात याकबसन ह्यांनी काव्यकार्याचेही लक्षण दिले आहे. संदेशाचे लक्ष जेव्हा स्वतः संदेशाकडेच, त्याच्या घडणीकडे, वळलेले असते तेव्हा भाषा काव्यकार्य करीत असते.

संगणकाच्या पडद्यावरील बारकावे हे मुळात हुंकार होत. १९६३ साली आयव्हन सदरलंड ह्यांनी ‘स्केचपॅड’ ह्या प्रणालीत प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा ओढून दाखविली आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगेलबार्ट ह्यांनी माउसचे जाहीर प्रात्यक्षिक केले, तेव्हापासून यंत्राने माणसाच्या हालचालीला तत्काळ ओ देणे ही ह्या विद्येची पहिली अट बनली. बटन दाबले असता ते दबल्यासारखे दिसणे, काम चालू असता कर्सरचे रूप बदलणे, हे सर्व ‘ऐकले’ असे सांगण्याचेच प्रकार आहेत. १९८४ साली बाजारात आलेल्या मॅकिंटॉश संगणकासाठी सूझन केअर ह्यांनी आलेख-कागदाच्या चौकटींत चिन्हे रेखाटली. त्यांतील प्रत्येक चिन्ह बत्तीस गुणिले बत्तीस चौकटींत बसवावे लागे. त्याहूनही तोकड्या जागेत हातघड्याळाच्या आकाराचा कर्सर ‘थांबा’ असे अदबीने सांगू शकत होता. ब्रॅड मायर्स ह्यांनी १९८५ साली काम किती टक्के झाले हे दाखविणाऱ्या पट्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि अशी पट्टी वापरणाऱ्यांना हवीशी वाटते हे दाखवून दिले. पट्टीमुळे काम लवकर होत नाही. वाट पाहणाऱ्याचा जीव मात्र भांड्यात पडतो.

ह्या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. हुंकार जितका कमी जाणवेल तितका तो चांगला, हीच त्यांमागील धारणा होती. मॅकिंटॉशच्या कर्सरची तारीफ करण्यासाठी कोणी संगणक विकत घेतला नाही.

३

१९९१ साली सर्न येथे सुरू झालेल्या वेबला आरंभी असा हुंकार जवळजवळ नव्हताच. पान हे दस्तऐवज होते. दुव्यावर टिचकी मारली की दुसरे पान येई, ह्यापलीकडे वाचकाला उत्तर मिळत नसे. शब्द कोठे यावा, कोणत्या वळणाच्या अक्षरात यावा, हे ठरविण्याची साधनेही डिझायनरांच्या हाती नव्हती. पानाची रूपरचना सांगणाऱ्या सीएसएस ह्या पद्धतीचा पहिला संकेत १७ डिसेंबर १९९६ रोजी प्रसिद्ध झाला, तोपर्यंत तक्त्यांच्या अदृश्य रकान्यांत मजकूर कोंबून मांडणी साधली जाई. १९९६ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या नेटस्केपच्या तिसऱ्या आवृत्तीत जावास्क्रिप्टच्या आधारे एका चित्राच्या जागी दुसरे चित्र बसविणे शक्य झाले, आणि कर्सर वर येताच बटन उजळण्याची सोय, म्हणजे ‘रोलओव्हर’, वेबवर अवतरली. सीएसएसमध्ये ह्या अवस्थेला स्वतंत्र नाव मिळण्यास १९९८ सालची दुसरी आवृत्ती यावी लागली.

परंतु ह्या उत्तरांना मधली अवस्था नव्हती. बटन एक तर विझलेले असे, नाही तर पेटलेले. मुद्रित माध्यमात वा चलच्चित्रात वाढलेल्या डिझायनरांची अडचण नेमकी येथे होती. छापील कामाची प्रत पेटीत घालता येते. जे कसब हालचालीत आणि प्रतिसादात आहे ते छायाचित्राने दाखविता येत नाही. संकेतस्थळाचा रचनाकार म्हणून काम मागणाऱ्याने आपल्या संकेतस्थळावर केवळ चित्रांची रांग लावली, तर त्याच्या दाव्याला पुरावा कोणता? मुद्राक्षरे ओतणाऱ्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडविला होता. एऱ्हार्ट राटडोल्ट ह्यांनी १४८६ साली ऑग्सबुर्ग येथे अक्षरांचा नमुनापत्रक छापला, विल्यम कॅझलन ह्यांनी १७३४ साली लंडनमध्ये तसेच केले; त्या पत्रकांत अक्षरांविषयीचा दावा त्याच अक्षरांत छापलेला होता. वेबच्या डिझायनरांना असे स्वतःच स्वतःचा नमुना होणारे साधन हवे होते.

ते साधन एका छोट्या कंपनीतून आले. जॉनथन गे आणि त्यांचे सहकारी ह्यांच्या फ्यूचरवेव्ह कंपनीने १९९६ साली ‘फ्यूचरस्प्लॅश अॅनिमेटर’ ही प्रणाली काढली. त्याच वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडियाने ती विकत घेतली आणि तिचे नाव ‘फ्लॅश’ असे ठेवले. फ्लॅशमधील आकृती ठिपक्यांनी नव्हे, तर रेषांच्या गणिती वर्णनाने साठविलेल्या असत. त्यामुळे फाइल लहान राही आणि मंद दूरध्वनी-जोडणीवरूनही हालते चित्र पाठविता येई. १९९९ सालच्या चौथ्या आवृत्तीत चलपदे व गणिती क्रिया आल्या, आणि २००० सालच्या पाचव्या आवृत्तीत ‘अॅक्शनस्क्रिप्ट’ ह्या नावाची स्वतंत्र आज्ञाभाषा मिळाली. चित्र काढणारा हात आणि नियम लिहिणारा हात येथे प्रथमच एका मेजावर आले.

४

ह्या साधनाने जे बारकावे घडले त्यांतील तीन विशेष विचारात घेण्याजोगे आहेत: गती, प्रतीक्षा आणि कर्सर.

गतीविषयीचा बारकावा एका साध्या नियमावर उभा होता. एखादा शब्द पडद्यावर शंभर ठिपके सरकवावयाचा आहे असे समजू. तो दर चौकटीत दहा ठिपके सरकविला, तर दहा चौकटींनंतर तो एकाएकी थांबतो आणि डोळ्याला यंत्राचा धक्का जाणवतो. त्याऐवजी उरलेल्या अंतराचा पाचवा भाग दर चौकटीत कापावा असा नियम केला, तर पहिल्या चौकटीत वीस, दुसरीत सोळा, तिसरीत बारा पूर्णांक आठ दशांश असे अंतर पडते. आरंभी वेग अधिक, आणि मुक्कामाजवळ येताना तो आपोआप ओसरतो. लोटलेला झोपाळा थांबावा तसा शब्द थांबतो. एका ओळीचा हा नियम. पण ‘पाचवा भाग’ ऐवजी ‘आठवा भाग’ लिहिले की स्वभाव बदलतो, गती जड व सुस्त होते. कोणत्या स्थळाचा स्वभाव कसा असावा हे ठरविणे ही अभिरुचीची गोष्ट बनली, आणि जाणता प्रेक्षक अशा गतीवरून रचनाकार ओळखू लागला.

ह्या शैलीचे जपानी प्रवर्तक म्हणून यूगो नाकामुरा ह्यांचे नाव घेतले जाते. त्यांचे शिक्षण अभियांत्रिकी व भूदृश्यरचना ह्या विषयांतील होते. ‘यूगॉप’ ह्या पत्त्यावरील त्यांच्या ‘मोनोक्राफ्ट्स’ ह्या स्थळावर कर्सरच्या हालचालीबरोबर सरकणारी, ताणली जाणारी आणि सावकाश स्थिरावणारी मेन्यूची रचना होती. तेथे मेन्यू ही कृतींची अनुक्रमणिका राहिली नाही. मेन्यू हाच पाहण्याचा विषय झाला. त्यांचे पुढचे ‘इंडस्ट्रियस क्लॉक’ हे घड्याळही ह्याच वृत्तीचे आहे: त्यात एक हात वेळेचे अंक लिहितो, पुसतो आणि पुन्हा लिहितो. घड्याळाचा हुंकार असा जो सेकंदाचा बदल, तोच तेथे श्रमाचे चित्र होऊन बसला आहे.

ह्या विचारामागे जॉन मेडा ह्यांच्या कामाची पार्श्वभूमी होती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये रचना आणि संगणन ह्यांची सांगड घालणारा गट चालविण्यापूर्वीच त्यांनी ‘रिअॅक्टिव्ह स्क्वेअर’ ही कृती केली होती. तिच्यातील चौकोन ध्वनिग्राहकात केलेल्या आवाजाला निरनिराळ्या रीतींनी प्रतिसाद देतात. तेथे चौकोनाने काही दाखवावयाचे नाही. त्याने उत्तर कसे द्यावयाचे हाच आशय आहे. १९९९ साली त्यांचे ‘डिझाइन बाय नंबर्स’ हे पुस्तक आले. त्यांचे विद्यार्थी बेन फ्राय आणि केसी रीस ह्यांनी २००१ साली ‘प्रोसेसिंग’ ह्या आज्ञाभाषेचा आरंभ केला.

दुसरा बारकावा प्रतीक्षेचा. त्या काळी घरोघरी दूरध्वनीवरून सेकंदाला फार तर ५६ किलोबिट माहिती येत असे. तीनशे किलोबाइटची फ्लॅश फाइल म्हणजे चोवीसशे किलोबिट. आदर्श स्थितीतही ती उतरण्यास सुमारे त्रेचाळीस सेकंद लागत. हा वेळ मोकळा सोडणे म्हणजे प्रेक्षक गमावणे होते. म्हणून भरत जाणारी पट्टी, वाढत जाणारा अंक, हळूहळू पुरी होणारी आकृती असे ‘प्रीलोडर’ जन्मास आले. मायर्स ह्यांच्या पट्टीचे हे वंशज होत. पण त्यांचा हेतू केवळ धीर देण्याचा नव्हता. नांदी जशी नाटकाचा रंग सुचविते, तसा प्रीलोडर पुढील स्थळाचा रंग सुचवीत असे.

तिसरा बारकावा कर्सरचा. फ्लॅशमध्ये प्रणालीचा बाण लपवून त्याच्या जागी स्वतःची आकृती बसविता येई आणि तिच्यामागे शेपटीसारखी अक्षरे वा ठिपके ओढत नेता येत. वापरणाऱ्याचा हात पडद्यावर ज्या रूपाने वावरतो ते रूपच रचनाकाराने ठरवावे, हा मोठाच अधिकार होता. पाहुण्याला घरात घेताना त्याच्या पायांत यजमानाने आपल्या पसंतीचे जोडे घालावेत, तसा हा प्रकार होय. काहींना त्यात आतिथ्य दिसले, काहींना दडपशाही.

हे तिन्ही बारकावे एकत्र ठेवून पाहिले असता याकबसन ह्यांच्या परिभाषेतील संक्रमण लख्ख दिसते. गती, पट्टी आणि बाण ही तिन्ही मुळात संपर्ककार्य करणारी चिन्हे होती. पोर्टफोलिओ-स्थळांत ती काव्यकार्य करू लागली. हुंकार गाऊ लागला, आणि श्रोत्याचे लक्ष गोष्टीवरून हुंकाराकडे वळले.

५

नवी बोली एका व्यक्तीत जन्मली तरी ती टिकते समाजात. ह्या बोलीचा समाज उभा राहण्यास जोशुआ डेव्हिस ह्यांचे ‘प्रेस्टेशन’ हे स्थळ मोठ्या प्रमाणात कारण झाले. ते पंचांगासारखे तारीखवार मांडलेले होते. एकेका दिवसाखाली एकेक लहान प्रयोग असे. पोर्टफोलिओ म्हणजे पूर्ण झालेल्या कामांची निवड, ही समजूत येथे मोडली. अभ्यासाची वहीच कृती म्हणून पुढे ठेवली गेली. २००१ साली ह्या स्थळास आर्स इलेक्ट्रॉनिकाचा गोल्डन निका पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास डेव्हिस ह्यांनी आपल्या प्रयोगांच्या मूळ फाइली चकतीवर प्रसिद्ध केल्या. ह्या गोष्टीचे महत्त्व पुरस्काराहून अधिक आहे. कारागीर आपले हत्यार सहसा दाखवीत नाही. येथे हत्यारही वाटले गेले.

परिणाम अपेक्षित तोच झाला. नियम हाती येताच अनुकरण वाढले, आणि अनुकरण वाढताच नावीन्य संकेत बनले. जी गती एका स्थळाची ओळख होती ती शेकडो स्थळांची रीत झाली. १९९७ साली ‘गॅबोकॉर्प’ ह्या स्थळाच्या चलचित्रमय प्रवेशाने प्रेक्षक चकित झाले होते. थोड्याच वर्षांत असा प्रवेश इतका सर्रास झाला की त्याखालील ‘प्रस्तावना वगळा’ हे बटन हीच त्याची खरी खूण ठरली. रूपक झिजून शब्द होतो ही भाषेची नित्याची रीत आहे. येथे ती पाच-सहा वर्षांत पुरी झाली, एवढाच फरक.

६

ह्या बोलीवर घेतलेले आक्षेप केवळ रुक्षपणातून आलेले नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. जेकब नील्सन ह्यांनी ऑक्टोबर २००० मध्ये लिहिलेल्या लेखात फ्लॅशचा नव्व्याण्णव टक्के वापर वाईट असल्याचा निर्वाळा दिला. फ्लॅशमुळे रचनेचा दुरुपयोग बळावतो, वेबची मूलभूत रीत मोडते आणि स्थळाच्या खऱ्या प्रयोजनाकडे दुर्लक्ष होते, असे त्यांचे म्हणणे होते. ह्यातील दुसरा मुद्दा विशेष वजनदार आहे. संपूर्ण स्थळ एकाच फ्लॅश फाइलीत असले की ब्राउझरच्या दृष्टीने ते एकच पान असे. मग आतील एखाद्या कृतीला स्वतंत्र पत्ता नाही. मागे जाण्याचे बटन दाबले की वाचक स्थळाबाहेरच पडे. अक्षरे निवडता येत नसत, शोधयंत्रांना ती नीट वाचता येत नसत, आणि पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणाऱ्या यंत्रावर विसंबणाऱ्या दृष्टिहीनांना तेथे बहुधा निःशब्द चौकटच लाभे. नील्सन ह्यांनी २००२ साली मॅक्रोमीडियाशीच सहकार्य करून फ्लॅशच्या सुलभ वापराची सूत्रे तयार करण्यास साहाय्य केले. त्यावरून त्यांचा आक्षेप साधनापेक्षा वापरावर होता असे म्हणावयास हरकत नाही.

दोन्ही बाजूंचा न्याय एका वाक्यात असा करता येईल: हुंकाराचे गाणे झाले हे डिझायनरांचे यश, आणि ज्याला गाणे ऐकू येत नाही त्याला हुंकारही मिळेनासा झाला हे त्याच यशाचे मोल. कवितेचा वाचक कविता वाचावयास स्वेच्छेने आलेला असतो. पोर्टफोलिओच्या दारात मात्र रसिक, ग्राहक, विद्यार्थी आणि केवळ दूरध्वनी क्रमांक शोधणारा मुद्रक, असे सर्वच येतात. काव्यकार्याने संपर्ककार्यास पूर्णतः हटवावे ही गोष्ट काव्यातही घडत नाही. येथे ती काही काळ घडली.

७

ह्या पर्वाचा शेवट टीकेने झाला नाही. तो बोटाने झाला. २००७ साली आलेल्या आयफोनवर फ्लॅश चालत नव्हते. २९ एप्रिल २०१० रोजी स्टीव्ह जॉब्स ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या खुल्या पत्रात त्याची कारणे दिली होती: फ्लॅशची मालकी एकाच कंपनीकडे असणे, सुरक्षितता, विजेचा खर्च इत्यादी. त्यांतील एक कारण प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशी भिडणारे आहे. फ्लॅशमधील अनेक स्थळे रोलओव्हरवर विसंबून आहेत, आणि स्पर्शाच्या पडद्यावर रोलओव्हर ही कल्पनाच नाही, असे त्यांनी दाखविले. माउसच्या जगात ‘जवळ येणे’ आणि ‘दाबणे’ ह्या दोन भिन्न क्रिया होत्या. बोटाच्या जगात जवळ येणे पडद्याला कळतच नाही. सर्वांत नाजूक बारकावे ज्या अवस्थेत राहत होते ती अवस्थाच लोप पावली. एखाद्या भाषेतून एक वर्ण नाहीसा व्हावा आणि त्याबरोबर त्या वर्णावर उभे असलेले सारे यमक कोसळावे, असे हे झाले.

त्याच वर्षी मे महिन्यात ईथन मार्कॉट ह्यांनी पडद्याच्या आकाराप्रमाणे बदलणाऱ्या मांडणीचा विचार मांडला, आणि डिझायनरांचे लक्ष हालचालीवरून लवचीकतेकडे वळले. दरम्यान पोर्टफोलिओसाठी सार्वजनिक मंच निघाले होते. ‘ड्रिबल’ २००९ साली सुरू झाले. ‘बिहान्स’ हा मंच २०१२ साली अॅडोबीने विकत घेतला. ह्या मंचांवर प्रत्येकाच्या कृती एकसारख्या चौकटींत मांडल्या जातात. वेष्टन पुन्हा वेष्टन झाले, आणि तेही सर्वांना सारखे. रुमालाचे कापड जसे सरकारी गोदामातून येते तसे पोर्टफोलिओचे कापड आता मंचाकडून मिळू लागले. त्यात नवशिक्याची सोय झाली हे निर्विवाद. पण पेटीवरून कारागीर ओळखण्याची शक्यता तेथे उरली नाही.

तथापि ती प्रवृत्ती नष्ट झाली असे म्हणता येणार नाही. त्रिमिती चित्रे थेट ब्राउझरमध्ये रेखाटण्याचा वेबजीएल हा संकेत २०११ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याआधी वर्षभर रिकार्डो काबेयो ह्यांचा ‘थ्री.जेएस’ हा आज्ञासंग्रह आला होता. ह्याच साधनांवर ब्रूनो सिमाँ ह्या फ्रेंच रचनाकाराने २०१९ साली आपला पोर्टफोलिओ असा मांडला, की प्रेक्षकाने पडद्यावरील एक खेळण्यातील मोटार चालवीत एकेका कृतीपाशी जावे. मोटारीची वळणे, अडथळ्यांना बसणारे धक्के, पडणाऱ्या विटा, हे सर्व त्या रचनाकाराच्या कसबाचे प्रमाणपत्र आहे. त्याने आपल्या विद्येविषयी वेगळा शब्द लिहिण्याची आवश्यकताच नाही.

नव्या पर्वाने जुन्या आक्षेपांतून एक धडाही घेतलेला दिसतो. पडद्यावरील मोठ्या हालचालींनी काही माणसांना भोवळ येते. ही गोष्ट २०१३ साली आयओएस ७ मधील सरकत्या दृश्यांमुळे ठळकपणे पुढे आली. २०१७ पासून ब्राउझरमध्ये ‘हालचाल कमी असावी’ ही वापरणाऱ्याची इच्छा स्थळाला कळविण्याची सोय होऊ लागली. बोलणाऱ्याने किती मोठ्याने बोलावे हे ऐकणाऱ्यास सांगता येऊ लागले, असे तिचे वर्णन करता येईल. काव्यकार्य आणि संपर्ककार्य ह्यांचा १९९७ ते २००३ ह्या वर्षांत जो समेट झाला नाही, त्याची ही सुरुवात होय.

८

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. मॅक्रोमीडिया २००५ साली अॅडोबीत विलीन झाली होती. अॅडोबीने जुलै २०१७ मध्ये फ्लॅश बंद करण्याची घोषणा केली, ३१ डिसेंबर २०२० रोजी आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरने फ्लॅश फाइली चालविणेच थांबविले. प्रेक्षकाच्या दृष्टीने एका रात्रीत ती सारी स्थळे रिकाम्या चौकटी झाली.

वेष्टन आणि वस्तू हे भिन्न असते तर ह्यात फार हानी नव्हती. रुमाल फाटला तर कागद दुसऱ्या कापडात बांधता येतो. येथे मात्र कापडच लेख होते. नाकामुरा ह्यांच्या मेन्यूचे छायाचित्र पुस्तकात छापलेले आढळते, पण त्यात मेन्यू नाही. मेन्यूचा मृतदेह आहे. उलट सूझन केअर ह्यांनी आलेख-कागदावर काढलेली चिन्हांची रेखाटने आज न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत. जुने काम कागदावर असल्यामुळे टिकले. त्याहून पंधरा वर्षांनी नवे काम टिकले नाही. साधने जितकी नवी तितका पुरावा बळकट, हा समज इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे सोडून दिला पाहिजे.

मराठी अभ्यासकाला ह्या स्थितीचा एक जवळचा दाखला ठाऊक आहे. मोडी लिपीतील कागद दप्तरांत लक्षावधींनी आहेत. वाचक मात्र विरळ झाले. कागद नष्ट झाला नाही, त्याला बोलते करणारा डोळा दुर्मिळ झाला. फ्लॅशच्या फाइलींचीही अवस्था हीच आहे: फाइल पुष्कळदा शाबूत असते, ती वाचणारा प्लेयर गेलेला असतो. म्हणून उपायही त्याच प्रकारचा आहे, नवा वाचक घडविणे. अॅडोबीने २००८ साली फ्लॅश फाइलींच्या घडणीच्या विवरणावरील बंधने काढली होती, त्यामुळे तिसऱ्या कोणाला असा वाचक रचणे सुकर झाले. ‘रफल’ ही त्या प्रकारची मुक्त प्रणाली असून तिच्या साहाय्याने इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून जुन्या फ्लॅश फाइली ब्राउझरमध्ये पुन्हा चालत्या केल्या. सर्व फाइली तेथे सारख्या अचूकतेने चालतात असे नाही. पण लिपी पुन्हा वाचली जाऊ लागली, हे खरे.

तरीही एक गोष्ट कोणत्याही वाचकाला परत आणता येत नाही. प्रीलोडर त्रेचाळीस सेकंदांसाठी रचलेला होता. आजच्या जोडणीवर तीनशे किलोबाइट डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उतरतात आणि नांदी उच्चारण्याआधीच पडदा वर जातो. तो बारकावा फाइलीत नव्हता. तो फाइल आणि तार ह्यांच्या संबंधात होता. मोडी पत्र आज अस्खलित वाचणाराही ते पत्र लिहिणाऱ्याचा आवाज ऐकू शकत नाही, तसेच हे आहे.

ह्यावरून संशोधनाच्या पद्धतीविषयी एक निष्कर्ष निघतो. इंटरफेसच्या इतिहासासाठी फाइल जपणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. बोली नोंदविणारा भाषाशास्त्रज्ञ शब्दांची यादी करून थांबत नाही; तो उच्चार, लांबी, सूर, कोण कोणाशी केव्हा बोलले हे सर्व टिपतो. तशीच प्रत्येक स्थळाची नोंद झाली पाहिजे: कोणत्या क्रियेला कोणता प्रतिसाद, किती वेळात, कोणत्या पडद्यावर, किती वेगाच्या जोडणीवर, आणि वापरणाऱ्याचा हात त्या वेळी काय करीत होता. माउस धरलेल्या हाताला त्या शब्दाचे सरकणे कसे वाटले हे सांगू शकणारी माणसे आज हयात आहेत. ही नोंद अजून करता येण्याजोगी आहे, आणि ती कायम तशी राहणार नाही.

पोर्टफोलिओ ही वाहून नेण्याची वस्तू आहे, हे शब्दानेच सांगितले आहे. १९९७ ते २००३ ह्या काळात डिझायनरांनी आपल्या कसबाचा जो अंश त्या पेटीच्या बिजागरीतच ओतला, तो पुढे नेण्याचे काम आता त्यांच्या हाती उरलेले नाही. ते अभ्यासकांकडे आले आहे.